रश्श्यातले दोन चमचे

सेरवाचा हात उखळात आणि बदूचं मुसळ हवेत, असा त्या दोघांचा संसार चोवीस वर्षं चालला होता. एजिसू गावच्या गाडीतळामागे त्यांची खाणावळ. उकडलेला कसाव्याचा कंद आणि कच्ची केळी उखळात पडली की बदू उभ्यानं पुरुषभर उंचीचं मुसळ घालायचा, आणि दोन घावांच्या मधल्या फटीत सेरवा बसल्या जागेवरून फुफूचा तो चिकट गोळा उलटायची. हात काढायला अर्ध्या श्वासाचा उशीर झाला तर बोटांचा चेंदामेंदा व्हायचा. पण चोवीस वर्षांत तिचं नखसुद्धा तुटलं नव्हतं.

गिऱ्हाइकं विचारायची, "आंटी, भीती नाही वाटत?"

"उखळात हात घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं?" सेरवा म्हणायची. "भ्यायचं तर यानं. माझी बोटं गेली तर याला रांधून कोण घालेल?"

बदू हसायचा आणि एक घाव उगाचच जोरात घालायचा.

गेल्या वर्षापासून मात्र ठेका चुकायला लागला होता. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण जिचा हात मुसळाखाली असतो तिला कळतं. सकाळचा पहिला फुफू ठीक उतरायचा. दुपारी गाड्या भरभरून माणसं उतरली की घाव किंचित लांबायचा, मुसळ वर जाताना बदूच्या नाकातून हलकासा आवाज निघायचा. साठी जवळ आली होती. कंबर बोलायला लागली होती, माणूस बोलत नव्हता.

"कंबर दुखते का रे?" तिनं एकदा विचारलं.

"कुणाची?" बदू म्हणाला.

कुटणाऱ्या माणसाची कंबर गेली म्हणजे त्याचं आणखी काय काय गेलं असेल, याचे अंदाज गाडीतळावरची माणसं मोठमोठ्यानं बांधतात आणि वर टाळ्या देतात. बदू त्या टाळ्यांना भीत होता. शिवाय पलीकडच्या खाणावळीत फुफू करायचं विजेचं यंत्र आलं होतं. "यंत्राचा फुफू खाण्यापेक्षा टायर चावा," असं बदू सगळ्यांना सांगत फिरायचा, आणि रात्री कूस बदलताना उशी दातात धरायचा. सेरवा डोळे मिटून पडायची आणि झोपेचं सोंग घ्यायची. नवऱ्याचा मान राखायला बायकांना किती सोंगं घ्यावी लागतात, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही.

दर शुक्रवारी बाजारात एक पिवळी गाडी यायची. टपावर कर्णा, आत प्रोफेसर बोआफो. कुठल्या विद्यापीठानं त्याला प्रोफेसर केलं हे विचारायची हिंमत कुणी केली नव्हती. "हत्तीछाप कंबरचूर्ण!" तो ओरडायचा. "झाडाचं पान, झाडाचं मूळ आणि देवाचा हात! गोळी नाही, सुई नाही, पोटाला धक्का नाही! दिवसाला दोन चमचे, आणि आजोबा नाचायला लागतील!" डब्यावरही तेच लिहिलेलं होतं, पान, मूळ आणि दोन चमचे. सेरवानं डबा घेतला, कमरेच्या कापडात खोचला, आणि दुसऱ्या दिवसापासून बदूच्या वाट्याच्या रश्श्यात सकाळी एक, संध्याकाळी एक असा सपाट चमचा ढवळायला लागली.

आता नवऱ्याच्या रश्श्यात बायकोनं गुपचूप काही टाकणं ही त्या मुलखात हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. वशीकरणाच्या नुसत्या कुजबुजीवरून तिथे भरले संसार मोडलेत, आणि नवरा आजारी पडला तर त्याची माणसं आधी बायकोच्या हंडीत डोकावतात. सेरवाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. दोन घरं पलीकडच्या बाईबद्दल तिनं स्वतः नाक मुरडलं होतं. पण तिला वाटलं, पानच तर आहे. मी काय याला मुठीत ठेवायला घालतेय? दुखतंय म्हणून घालतेय, आणि दुखतंय असं त्याला म्हणावं लागू नये म्हणून गुपचूप घालतेय.

चौथ्या दिवशी मुसळाचा ठेका सुधारला. आठवड्यात बदू कुटताना गायला लागला. त्याचा आवाज बेडकासारखा आहे, पण सेरवाला तो गोड लागला. तिला इतका आनंद झाला की तिनं त्याच्या ताटात बकरीच्या मटणाचा एक जास्तीचा तुकडा टाकला.

असे अडीच महिने गेले. मग बदूचे पाय सुजले, चप्पल घट्ट व्हायला लागली. "हवेत दमटपणा आहे," बदू म्हणाला. त्याची भूक मंदावली. आणि एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, सेरवाचा हात उखळात असताना मुसळ खाली आलंच नाही. तिनं वर पाहिलं. बदू घामानं निथळत होता. दोन्ही हातांनी त्यानं मुसळ हवेत तसंच तोलून धरलं होतं. मग त्यानं ते उखळापासून लांब, हळूच जमिनीवर टेकवलं, आणि त्यानंतरच तो वाकून ओकला. ओकारीत कॉफीच्या चोथ्यासारखं काळं काळं होतं.

इस्पितळात बदूची मोठी बहीण अफ्राकोमा सेरवाच्या आधी पोचली होती. ती कशी, ते कुणी विचारू नये. नणंदेला तिथे अकुमा म्हणतात आणि नवऱ्याचा मान देतात. फरक इतकाच, की नवरा कधीतरी झोपतो. अफ्राकोमा कापडाची व्यापारीण, आवाज ठणठणीत, आणि धाकट्या भावावर जीव असा की त्याला शिंक आली तरी तिच्या घरी काढा उकळायचा.

औषधं विचारायला मेमुनातू नावाची तरुण बाई वही घेऊन आली. ती इस्पितळाच्या औषधविभागातली. उत्तरेकडची, डोक्यावरून ओढणी, प्रश्न विचारताना माणसाच्या डोळ्यांत बघणारी.

"बाबा, काय काय औषधं घेता?"

"प्रेशरच्या दोन. तुम्हीच दिलेल्या." बदूचा आवाज खोल गेला होता.

"एक प्रेशरची आणि एक लघवी करवणारी, बरोबर. आणखी? दुखण्यावर काही? पान, मूळ, बाटलीतलं, डब्यातलं?"

"काही नाही."

मेमुनातूनं पेन खाली ठेवलं. "तुमच्या पोटात जखम होऊन रक्त जातंय. किडनी अर्ध्यावर आलीय. पाय सुजलेत. नुसत्या त्या दोन गोळ्यांनी हे होत नाही. कशानं झालं ते कळलं नाही, तर आम्ही देऊ त्या औषधाशी त्याचं भांडण होईल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

बदू छताकडे बघत राहिला. अफ्राकोमा पलंगाच्या पायाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. सेरवाला तोंड उघडायचं तर अफ्राकोमाच्या समोरच उघडावं लागणार होतं. ती बाहेर जाईपर्यंत थांबावं, असं सेरवाच्या मनात आलं. तिनं बदूच्या ओठांकडे पाहिलं. ते राखेसारखे झाले होते.

"मी घालत होते," ती म्हणाली. "रश्श्यात. कमरेचं चूर्ण. त्याला माहीत नव्हतं."

बदूनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"रश्श्यात घातलंस?" अफ्राकोमा अगदी हळू बोलली. ती हळू बोलते तेव्हा शहाण्यानं वाट सोडावी. "माझ्या भावाच्या रश्श्यात, त्याला न सांगता?"

"अकुमा, त्याची कंबर—"

"त्याच्या कमरेला काय झालंय? त्याच्या तोंडून मी तर कधी ऐकलं नाही!"

डबा तपासायला गेला. दहा दिवसांनी मेमुनातूनं दोघींना आपल्या खिडकीशी बोलावलं. चूर्णात पानं होती, मुळं होती, आणि त्यात दुखणं आणि सूज मारणाऱ्या डायक्लोच्या गोळ्या कुटून घातलेल्या होत्या. तोवर बदूचा धोका टळला होता.

"गोळी वाईट नाही," ती म्हणाली. "माझ्या आईलाही मी देते. पण जेवल्यावर, थोडे दिवस, आणि प्रेशरचा माणूस असेल तर विचारून. प्रेशरची गोळी, लघवीची गोळी आणि ही, अशा तिघी एका घरात नांदायला लागल्या की किडनीचा जीव जातो. तुम्हाला हे कळायला मार्ग नव्हता, कारण डब्यावर लिहिलंच नव्हतं. आपण काय गिळतोय ते कळणं हा माणसाचा हक्क आहे, मामी. तो त्या प्रोफेसरनं मारलाय. तक्रार करा, अर्ज मी लिहून देते."

सेरवाला वाटलं, आता सुटले. पण मेमुनातू कागदाकडे बघत राहिली.

"एकच कोडं आहे. दोन चमच्यांत मिळून एक गोळीसुद्धा होत नाही. तेवढ्यानं इतकं व्हायला नको होतं. खरं सांगा, किती घालत होतात?"

"दोन. सकाळी एक, संध्याकाळी एक."

"शीग लावून?"

"सपाट. बोटानं पुसून."

अफ्राकोमानं नाकातून श्वास सोडला. त्याचा अर्थ पुढच्या आठवड्यात साऱ्या गाडीतळाला कळला: बायको दोन म्हणते, पोट आणि किडनी वेगळंच सांगतात.

इस्पितळातून बदूला अफ्राकोमानं थेट आपल्या घरी नेलं. सेरवानं रोज दुपारी जेवणाचा डबा न्यायचा, अफ्राकोमासमोर उघडायचा, पहिला घास स्वतः खायचा, आणि पाणी प्यायचं. अफ्राकोमा तेवढा वेळ तिच्या गळ्याकडे बघत बसायची. घास उतरला की ताट आत जायचं. त्या घरचं कुणी सेरवाच्या हातचा एक कण खात नव्हतं. खाणावळीतली निम्मी गिऱ्हाइकं यंत्राच्या फुफूकडे वळली, आणि उरलेल्यांपैकी एखादा म्हणायचा, "आंटी, माझ्या वाट्याला आज काय घातलंयस?" सेरवा हसायची. मग मागे जाऊन भांडी इतकी घासायची की तळात तोंड दिसायला लागायचं.

हे सगळं तिनं सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते बदूचं गप्प राहणं. ती समोर बसली की तो हातांकडे बघायचा. "जेवलास?" "हो." "दुखतंय?" "नाही." एकदा तिनं विचारलं, "माझ्यावर रागावलायस?" तर तो उठून परसात गेला. माझ्यावरचा विश्वास उडाला याचा, असं सेरवानं मनाशी धरलं. आणि ज्याच्या घावाखाली चोवीस वर्षं डोळे मिटून हात दिला त्याचा विश्वास गेला, या विचारानं तिला घास जाईनासा झाला. तरी रोज दुपारी एक घास तिला खावाच लागायचा.

सहाव्या आठवड्यात कुमासीच्या औषध तपासणीच्या सरकारी कार्यालयात सुनावणी लागली. अर्जावर नाव सेरवाचं होतं. बदू साक्षीला आला, आणि त्याला एकटं सोडायचं नाही म्हणून अफ्राकोमाही आली. साहेबांचं नाव अग्बेको. चष्मा कपाळावर, समोर चूर्णाचा डबा. प्रोफेसर बोआफो कोट घालून आला होता. कर्ण्याशिवाय त्याचा आवाज फारच बारीक निघत होता, म्हणून बोलायला त्यानं वकील आणला होता.

वकील गोड होता. "साहेब, चूर्णात काय मिसळलं गेलं ते आमच्या माल देणाऱ्याचं पाप, त्याला आम्ही बघून घेऊ. पण या गृहस्थांना जो त्रास झाला तो दोन चमच्यांचा नाही, हे इस्पितळाचाच कागद म्हणतो. डब्यावर स्पष्ट लिहिलंय, दोन चमचे. या बाईंनी नवऱ्याला अंधारात ठेवून त्याच्या जेवणात टाकलं. किती टाकलं? त्याच जाणोत. जी बाई नवऱ्यापासून चमचा लपवते, ती डाव लपवणार नाही कशावरून?"

सेरवाची कानशिलं तापली. अफ्राकोमा तिच्याकडे न बघता समोर बघत होती.

अग्बेकोंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मिस्टर बदू, तुमच्या पत्नी दोनच चमचे घालत होत्या, याला दुसरा काही आधार आहे?"

बदू उठला. टेबलाची कड धरून उभा राहिला.

"दोनच घालायची," बदू म्हणाला. "मी पाहिलंय."

"तुम्हाला तर माहीत नव्हतं ना?"

"तिसऱ्या दिवशी कळलं. चोवीस वर्षं तो रस्सा खातोय, साहेब. कडू लागल्यावर कळणार नाही? त्याच्या पुढच्या सकाळी दाराआडून बघितलं. सपाट चमचा. बोटानं पुसून, वर उरलेलं परत डब्यात."

"मग तुम्ही तिला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तिला म्हणावं लागलं असतं, तुझी कंबर गेलीय. ते म्हणायला लागू नये म्हणून तर ती रश्श्यात घालत होती. तिनं एवढं केलं, मग मला खायला काय झालं होतं?"

सेरवा त्याच्याकडे बघत राहिली. तिला अजून राग आला नव्हता. तो वाटेत होता.

"तरी हिशोब लागत नाही," अग्बेको म्हणाले.

"लागतो." बदूनं घसा साफ केला. "मी डायक्लो घेत होतो. तीन, कधी चार. पहाटे, उपाशीपोटी, ती उठायच्या आत. वर्षभर. गाडीतळाच्या टोकाला औषधाचं दुकान आहे, तिथून. चूर्ण सुरू झाल्यावर बंद नाही केल्या. म्हटलं, पान ते पान, गोळी ती गोळी, त्यांचं आपसात काय भांडण? दोन्हींनी बरं वाटत होतं. गातसुद्धा होतो."

"आणि इस्पितळात विचारलं तेव्हा?"

बदूनं बहिणीकडे एकदा पाहिलं. "ही उभी होती. मला वाटलं मरतोय. म्हटलं, मरतोयच, तर निदान कंबर शाबूत असलेला म्हणून मरू. मग मेलो नाही. मग सांगणं रोज आणखी अवघड होत गेलं."

वकील ताडकन उठला. "म्हणजे साहेब, यांच्या स्वतःच्याच गोळ्यांनी—"

"बसा," अग्बेको म्हणाले. "डब्यात औषध घालून ते न लिहिता विकलंत, त्याचा जाब कुणी किती चमचे खाल्ले यावर ठरत नाही. विक्री आजपासून बंद. जे डबे लोकांच्या घरी गेलेत ते कर्णा लावून परत मागवायचे, कर्णा तुमच्याकडे आहेच." मग ते बदूकडे वळले. "भरपाईचं मात्र वेगळं आहे. तिथे तुमच्या गोळ्या धराव्या लागतील. तुमची बाजू तुम्ही आत्ता बरीच हलकी केलीत, समजतंय ना?"

"समजतंय. तिचे दोनच चमचे, अशी नोंद करा."

आणि मग सेरवाचा राग येऊन पोचला.

"सहा आठवडे!" ती उभी राहिली. "सहा आठवडे मी तुझ्या बहिणीपुढे घास गिळून दाखवतेय, आणि तू आत बसून ऐकत होतास? गाढवा! कंबर दुखते म्हणायला तुझी जीभ झडली असती? मी तुला टाकून दिलं असतं का? कमरेशी लग्न केलं होतं मी तुझ्या?"

"बाई, खाली बसा," अग्बेको म्हणाले, पण त्यांनी लिहिणं थांबवलं नाही.

"नाही बसत! पोट फुटून मेला असता हा, आणि वर सगळ्या एजिसूनं मला धरलं असतं! आणि मी..." इथे तिचा आवाज फुटला. "आणि मी समजत होते, तुझा माझ्यावर विश्वास नाही राहिला."

"तुझ्या नजरेला नजर देता येत नव्हती," बदू म्हणाला. "विश्वासाचं काय घेऊन बसलीस. औषध म्हणून विष दिलं असतंस तरी खाल्लं असतं."

"असलं अभद्र बोलू नकोस सरकारी कचेरीत!"

बाहेरच्या बाकावर तिघं बसली. पुढच्या कागदावर शिक्का बसायचा होता. बदू मध्ये, दोन्ही बाजूंना दोघी, आणि दोघींनी त्याच्याकडे पाठ फिरवलेली. सकाळी सहाला निघाली होती, आता एक वाजला होता.

"भूक लागलीय," बदू शेवटी म्हणाला.

"मला नाही विचारायचं," सेरवा म्हणाली. पण पिशवीतला डबा काढून तिनं मांडीवर घेतला, कारण तोंडाशी भांडण असलं तरी पोटाशी नव्हतं. उकडलेला कंद होता आणि वर पालेभाजीचा दाट रस्सा. झाकण उघडल्याबरोबर तिचा हात आपसूक आत गेला. तिनं कंदाचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, डोकं किंचित वर केलं, गळा दिसेल असं, आणि घास तोंडाकडे नेला. तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

अफ्राकोमानं बदूच्या मांडीवरून हात लांबवून तिचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली.

"सवय झालीय, अकुमा."

"म्हणूनच म्हणतेय, राहू दे."

मनगट न सोडता अफ्राकोमा पुढे वाकली आणि तो घास तिनं सेरवाच्या बोटांतून आपल्या तोंडात घेतला. चावला, गिळला. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. बदूनं डब्याकडे हात नेला तसा तिनं तो फटकन मारला.

"तू थांब. आम्हा दोघींचं झाल्यावर," ती म्हणाली, आणि डबा आपल्या आणि सेरवाच्या मधे ओढून घेतला.